गाणं कुठं थांबवायचं

हळदीच्या रात्री बेंजोवाल्याला गाणं संपवायचा अधिकार नसतो. मांडवात पाय उचलतायत तोवर वाजवायचं. कडवं झालं की पुन्हा मुखडा, मुखडा झाला की ढोलकीवाला तिहाई मारतो आणि आपण तीच ओळ वरच्या सप्तकात घेतो. नवऱ्याचा मामा घामानं निथळत पुढं येतो, कच्छी ढोलवाल्याच्या डोक्यावरून नोट ओवाळतो, आणि तेच गाणं आणखी दहा मिनिटं चालतं. संपवायचंच असेल तर दुसऱ्या गाण्यात शिरून संपवायचं. मध्ये शांतता पडली की लोक पाणी प्यायला जातात, पाणी प्यायला गेलेले जेवायलाच बसतात, आणि मग यजमान बेंजो पार्टीच्या मास्तरांकडं बघायला लागतो.

मी हे काम खडवलीच्या आसपासच्या गावांत केलं. कल्याणहून कसाऱ्याची गाडी धरली की शहाड, आंबिवली, टिटवाळा आणि मग खडवली. मुंबईकरांना हे स्टेशन उन्हाळ्याच्या सुट्टीत आठवतं, कारण भातसा नदी इथं ऐन मे महिन्यातही वाहते. आम्हाला ते लग्नसराईत आठवायचं. वैशाखात एका रात्री वासिंदची हळद, दुसऱ्या दिवशी पडघ्याकडची वरात, तिसऱ्या दिवशी खडवली फाट्यावर टेम्पोची वाट बघत मशीनवर बसलेलो. मशीन म्हणजे अॅम्प्लिफायर. पार्टीत शिरलो तेव्हा माझं काम तेच उचलायचं होतं. वायरी गुंडाळायच्या, जनरेटरमध्ये पेट्रोल आहे का बघायचं, तार तुटली तर लगेच दुसरी द्यायची. बेंजोला हात लावायला मिळाला तो नंतर, तोही मास्तर जेवायला बसले असताना.

पार्टीत दोन बेंजो, एक कॅसिओ, ऑक्टोपॅड, ढोलकी, कच्छी, टिमकी आणि खुळखुळा. खुळखुळेवाला सहसा मास्तरांचा पुतण्या किंवा मेहुणा. मास्तरांनी मला शास्त्र असं काही शिकवलं नाही. त्यांना सा-रे-ग-म पुरतं लिहिताही येत नव्हतं. "हाताकडं बघू नको, पायाकडं बघ," एवढंच ते म्हणायचे. सुरुवातीला मला वाटायचं, हे ताल चुकू नये म्हणून सांगतात. पण पायाकडं बघायला लागलो तसं कळत गेलं की तालाचं काम ढोलकी करतेच. मला बघायचं होतं ते निराळंच. पोरं उड्या मारून नाचतात तेव्हा त्यांचा दम साधारण किती वेळात सुटतो. म्हाताऱ्या बाया गोलात येतात तेव्हा त्यांची पावलं लहान पडतात, त्यांना लय खाली हवी असते, पण ती एकदम उतरवली तर त्यांना अपमान वाटतो. मग आधी ऑक्टोपॅड विरळ करायचा, टिमकी थांबवायची, आणि लय उतरली हे कुणाच्या ध्यानात यायच्या आत ती उतरलेली असायला हवी. हे मला अजून कुठल्या पुस्तकात सापडलेलं नाही. पुढं संगणकावर गाणी करताना जे काही हाताशी आलं, त्यातलं निम्मं मास्तरांच्या त्या एका वाक्यातून आलंय.

तारपावाल्यांना हे आपल्याआधी माहीत होतं. आपला ठाणे जिल्हा १ ऑगस्ट २०१४ला तुटला आणि डहाणू-जव्हार पालघरकडं गेलं. तोपर्यंत जव्हारचा तारपा हा आमच्याच जिल्ह्यातला. वाळलेला दुधी भोपळा, त्यात दोन नळ्या, टोकाला ताडाच्या पानांचा कर्णा. तारपेवाला मध्ये वाजवतो, वारली बायापुरुष कमरेत हात गुंफून त्याच्याभोवती वळसे घेतात, आणि तो सूर बदलेल तशी पावलं बदलतात. तारप्याकडं पाठ करायची नाही असा रिवाज. आमच्या हळदीत उलटं असतं. लोक आमच्याकडं पाठ करूनच नाचतात, बेंजोवाल्याचा चेहरा कुणाला आठवत नाही. मला यात काही वाईट वाटत नाही. पाठ फिरवलेल्या माणसाचे पाय जास्त नीट दिसतात.

या वाद्याची गंमत सांगायला हवी. आमचा बेंजो म्हणजे अमेरिकेतला गोल ढोलक्यासारखा तो नव्हे. लांबट लाकडी पेटी, वर तारा आणि त्यांच्यावर टाइपरायटरसारख्या चाव्या. डाव्या हातानं चावी दाबली की तार खालच्या पट्टीला टेकते, उजव्या हातानं छेडायचं. बाजारात याला बुलबुल तरंग म्हणतात. १९१२ साली जपानमधल्या नागोया शहरात गोरो मोरिता नावाच्या माणसानं हे पहिल्यांदा केलं, आणि त्या वर्षी सुरू झालेल्या तैशो राजवटीवरून त्याला तैशोगोतो हे नाव पडलं. चाव्यांची कल्पना खरोखरच टाइपरायटरवरून आलेली. घरात बसून, शिक्षक न ठेवता, साध्या माणसाला वाजवता यावं असं ते वाद्य. जपानी बायका दिवाणखान्यात वाजवायच्या ते पुढं आपल्याकडं आलं, त्याला पिकअप लागला, मागं जनरेटर लागला, आणि ते आगरी-कोळ्यांच्या मांडवात आणि गणपतीच्या मिरवणुकीत असं काही घुसलं की आता ते परकं आहे म्हटलं तर मारामारी होईल. 'सैराट'मधलं पाश्चात्त्य पद्धतीचं संगीत लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत भल्यामोठ्या सिंफनी वाद्यवृंदाकडून वाजवून घेतलं होतं. त्याच सिनेमाचं 'झिंगाट' २०१६च्या लग्नसराईत आम्ही या टाइपरायटरवर एका रात्रीत किती वेळा वाजवलं ते विचारू नका.

वाद्यात दोष आहेत. सूर टिकत नाही, म्हणून नखीनं सारखं छेडत राहावं लागतं. तो थरथरणारा आवाज म्हणजेच बेंजो. मींड निघत नाही. दोन चाव्यांच्या मधला सूर तुम्हाला हवा असेल तर तो या पेटीत नाही. त्या मधल्या सुराचं पुढं सांगतो.

मांडव ही पहिली शाळा; दुसरी रेल्वेत होती. माझा मामा परळच्या वर्कशॉपमध्ये होता आणि आसनगावहून येणाऱ्या सकाळच्या लोकलमध्ये त्याचं भजनी मंडळ. खडवलीला गाडी येईपर्यंत रूपाचा अभंग होऊन गेलेला असायचा. दुसऱ्या वर्गाचा डबा, खिडकीच्या वरच्या गजाला बांधलेली तसबीर, तिला हार, चार-सहा जोड टाळ, एक ढोलकी आणि बाकी ठेका डब्याच्या पत्र्यावर. कॉलेजात असताना मी त्यांच्यात बसायचो. त्या डब्यात इयरफोन घालून वैतागलेले लोकही असत आणि त्यांचंही मला पटतं. सकाळी सहा वाजता प्रत्येकाला पांडुरंग हवा असतो असं नाही. पण मला तिथं जे दिसलं ते संगीताच्या दृष्टीनं फार अवघड काम होतं. मंडळाच्या बुवांना अभंग स्टेशनात बसवावा लागायचा. टिटवाळ्याला माणसं चढणार, त्या धक्काबुक्कीत गजर असला तर चालतो, नाजूक चरण असला तर वाया जातो. कल्याणला गर्दी बदलते, तिथं नवा अभंग सुरू करायचा नाही. डोंबिवलीनंतर श्वास घ्यायला जागा नसते, तेव्हा सगळ्यांना पाठ असलेलंच घ्यायचं. भैरवी दादरच्या आत.

आणि या सगळ्या हिशोबावर पाणी टाकायला सिग्नल असतोच. कल्याणच्या पुढं कसाऱ्यापर्यंत जायचा एक आणि यायचा एक असे दोनच रूळ. मागून मेल येत असली की लोकल बाजूला उभी. गाडी थांबली की बुवा चरणाचा शेवट सोडायचे नाहीत. आलाप लांबवायचे, एकेका शब्दाला वेगळी चाल लावून बघायचे, टाळ हलके करायचे, आणि गाडीनं हिसका दिला की त्याच हिसक्यावर समेला यायचे. प्रवासी हसायचे. मी मात्र हे पुन्हा पुन्हा ऐकायचो, कारण मांडवात मास्तर जे पायांवरून करत होते तेच बुवा इंजिनावरून करत होते. कल्याण ते वासिंद हा रेल्वेचा तुकडा १८५५ साली सुरू झाला. तेव्हापासून कुणी ना कुणी या मार्गावर गाडीची वाट बघत काहीतरी गुणगुणत असणार.

तिसरी शाळा घरातच होती आणि तिच्याकडं मी सगळ्यात उशिरा वळलो. माझी आत्या धवलारीण, लग्नविधींची गाणी म्हणजे धवले गाणारी. आमच्या आगरी लग्नात भटजींच्या आधीपासून तिचं काम सुरू होतं. मांडव घालण्यापासून हळद लागेपर्यंत प्रत्येक विधीला तिचा धवला लागतो. देवांना बोलावणं, गावदेवीला, पूर्वजांना, मग नवरीच्या आईबापाला. सोबतीच्या बाया ओळ उचलतात. वाद्य नाही, टाळी नाही. चाल इतकी संथ की आमच्या पार्टीतल्या पोरांना तिथं बसवत नसे. ती पोरं बाहेर तंबाखू मळत उभी राहायची आणि आतलं आटपलं का म्हणून सारखं डोकावायची. धवळे ही काही आजची गोष्ट नाही. तेराव्या शतकात महानुभाव पंथातल्या महदंबेनं रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या लग्नसोहळ्यात रुक्मिणीस्वयंवराचे धवळे रचले, आणि मराठीतली आद्य कवयित्री म्हणून तिचं नाव घेतात. ते पाठ्यपुस्तकात आलं. आत्याचं कुठंच आलं नाही, आणि तिला त्याचं काही नाही. तिला चिंता एवढीच की तिच्या मागं शिकायला कुणी बसत नाही, कारण सुनांना रात्र रात्र जागरण नको.

आत्याचं गाणं विधीवर मोजलं जातं. हळद उतरवायला पाच सवाशिणी असतील तर एवढं, सगळी भावकी आली तर त्याच्या चौपट. मध्येच कुणी रुसलं, एखादा करवला सापडेना, तर धवला तिथंच फिरत राहतो. अमुक गाणं किती लांबीचं, असा प्रश्नच तिला कळत नाही. मी एकदा विचारला तर म्हणाली, "कुनाचं लगीन हाय?"

माझा रस्ता या तिन्ही शाळांमधून गेला असं आता लिहिताना दिसतं. तेव्हा तसं काही नव्हतं. तेव्हा सुपाऱ्या होत्या. इसार घ्यायचा, तारीख वहीत लिहायची, वाजवायचं. कानात जे होतं ते कल्याणचं होतं. प्रल्हाद शिंदे कल्याणात राहिले आणि २००४ साली तिथंच गेले; त्यांचा आवाज आमच्याकडं एसटी स्टँडवर, रिक्षात, पानाच्या टपरीवर वाजायचा. आनंद शिंदेंचं पोपटाचं गाणं वाजवल्याशिवाय तर वरात पुढं सरकायची नाही. कल्याणात गायन समाजाच्या बैठका होत, देवगंधर्व महोत्सव होई, तिथंही मी मागच्या रांगेत जाऊन बसलोय. तिथं मला सगळ्यात आवडायचं ते गवयाचं तबलजीकडं बघणं. ख्यालाची लांबीही त्या नजरेतच ठरते, आणि हे ओळखीचं वाटायचं.

पुढं पार्टी मोडत गेली. आधी रात्री दहाचा नियम आला. ध्वनिप्रदूषणाचे नियम २०००चे, सुप्रीम कोर्टानं २००५ साली ते घट्ट केले, पण आमच्याकडं त्यांची झळ हळूहळू लागली. हळद म्हणजे रात्रभराचं काम होतं ते साडेनऊला गुंडाळायचं झालं. नियम बरोबर आहे असं माझं मत. ज्याच्या घरात आजारी माणूस आहे त्याला विचारा. पण त्याचा परिणाम असा झाला की लोकांना तीन तासांत सगळा जोर हवा झाला, आणि कमी वेळात जास्त आवाज द्यायचं काम डीजे आमच्यापेक्षा चांगलं करतो. बारा माणसांची पार्टी बोलवायची, त्यांना जेवू घालायचं, त्यापेक्षा एक ट्रक आणि एक पोरगा स्वस्त. रवी जाधवांनी २०१६ साली बेंजोवाल्यांवर हिंदीत सिनेमा काढला तोवर आमच्या भागातल्या निम्म्या पार्ट्या फक्त गणपती आणि गोविंदापुरत्या उरल्या होत्या.

उरलेलं काम २०२०च्या मार्चमधल्या कोरोना टाळेबंदीनं केलं. २२ मार्चच्या मध्यरात्रीपासून लोकल बंद. वैशाखातल्या तारखा एकेक करून फोनवरच गेल्या. मास्तरांनी टेम्पोतून भाजी नेऊन कल्याणच्या मार्केटात विकायला सुरुवात केली. तो टेम्पो पूर्वी आमचाच होता, मागं अजून पार्टीचं नाव रंगवलेलं. मी घरी बेंजो, एक जुना लॅपटॉप आणि उधारीवर घेतलेलं साउंड कार्ड घेऊन बसलो. खडवलीत एरवी रेकॉर्डिंग करणं कठीण. दर थोड्या वेळानं गाडीचा भोंगा. त्या दिवसांत फक्त मालगाड्या. दोन मालगाड्यांमध्ये इतकी शांतता की शेजारच्या घरातला कुकर मोजता यायचा.

वाजवायला लागलो आणि अडकलो. सूर सुचत होते, ठेका सुचत होता. सुचत नव्हतं ते थांबणं. समोर पाय नाहीत, सिग्नल नाही, हळद लावणाऱ्या बाया नाहीत. तीच ओळ वाजवत राहायचो आणि बघतो तर लॅपटॉपवर चाळीस मिनिटांची पट्टी झालेली असायची. शहाडचा एक मित्र लग्नाचे व्हिडिओ कापायचं काम करतो, त्याला पाठवलं. त्याचा निरोप आला: वाजवलंयस चांगलं, पण गाणं कुठाय? लोक म्हणतात स्वतंत्र संगीतकार झालास, आता कुणाचं ऐकायला नको. मला तेव्हा उलट वाटत होतं. आजवर माझं प्रत्येक गाणं कुणीतरी दुसऱ्यानं थांबवलं होतं, आणि आता ते काम माझ्यावर येऊन पडलं होतं, ज्याची मला काडीची सवय नव्हती.

मग मी वाचायला लागलो की इतरांची गाणी कुठं थांबतात आणि का. १९०२ साली गौहर जाननं कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीसाठी गायलं, तेव्हा तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावत. तासभराचा राग तिनं त्यात बसवला आणि शेवटी स्वतःचं नावही सांगितलं. आपल्याकडचं तीन मिनिटांचं गाणं तिथून सुरू झालं. तबकडी गेली, तिची लांबी राहिली. रेडिओनं ती सांभाळली, सिनेमानं सांभाळली. कॅसेट आली तेव्हा एका बाजूला अर्धा तास मिळाला, आणि शिंद्यांच्या कॅसेटवर सवाल-जवाब, मध्ये बोलणं, पुन्हा गाणं असं ऐसपैस चालायचं. आता मोबाइलवर ऐकणाऱ्यानं तीस सेकंद ऐकलं तर ते एकदा वाजल्यात धरतात. साहजिकच सगळ्यांचा मुखडा पहिल्या दहा सेकंदांत येऊन उभा राहतो. यात मला पाप वगैरे दिसत नाही. बुवा गर्दी बघून अभंग निवडायचे, आताचे लोक अंगठा बघून निवडतात. फक्त अंगठ्याला लय नसते, तो कधीही उठतो.

माझं पहिलं धड गाणं झालं ते रेल्वेवर. लोकल सुरू झाल्यावर खडवली ते टिटवाळा डब्यातला आवाज मोबाइलवर घेतला आणि ठरवलं की ही गाडी थांबेल तिथं गाणं थांबेल. यात एक अडचण निघाली. मामा ज्या खडखडाटावर ठेका धरायचा तो आता उरलाच नाही. रुळांचे तुकडे आता लांबच लांब जोडलेले असतात, मधले सांधे गेले. खडखड ऐकू येते ती स्टेशनाजवळ गाडी रूळ बदलते तिथंच. मधला सगळा वेळ नुसती घरघर. मग बेंजोला ती जागा दिली: मोकळ्या पट्ट्यात मामाच्या मंडळाचा भजनी ठेका चावीच्या टकटकीवर, तार न छेडता, आणि गाडी रूळ बदलते तिथं आलो की चाव्या थांबवून खऱ्या रुळाला वाजू द्यायचं. टिटवाळ्याची उद्घोषणा सुरू होते तिथं ते संपतं. मामानं ऐकलं आणि म्हणाला, यात भजन नाही. बरोबर आहे. मग त्यानं ते पुन्हा लावायला सांगितलं आणि एका जागी बोट वर करून म्हणाला, इथं तुझी गाडी लेट आहे.

नदीवर केलेलं जमलं नाही, ते सोडून दिलं. भातसा धरणाचं पाणी नदीतून पिसे बंधाऱ्यापर्यंत सोडतात आणि तिथून ते उचलून मुंबईला जातं. मुंबईचं निम्म्याच्या आसपास पाणी हे भातसाचं. म्हणून तर एप्रिलात पाऊस नसताना रात्रीत पातळी वाढते आणि अनोळखी सहलवाले बुडतात. ही गोष्ट मला संगीतात घ्यायची होती. पण रेकॉर्डिंगमधलं पाणी कुठल्याही नदीचं पाणी वाटत होतं. काही गोष्टी सांगायच्याच असतात, वाजवायच्या नसतात.

आत्याच्या धवल्याला हात लावायची हिंमत शेवटी केली. तिचा आवाज तिच्या ओटीवरच घेतला, पंखा बंद करून. तिची ओळ मी बेंजोवर धरायला गेलो आणि तो मधला सूर आडवा आला. तिचा गंधार कोमलही नाही आणि शुद्धही नाही. दोन चाव्यांच्या मध्ये कुठंतरी, आणि दर वेळी तिथंच; म्हणजे तो बेसूर नव्हे, ठरलेला आहे. बंद पट्ट्यांच्या वाद्याचं हे जुनं दुखणं. याच कारणानं आकाशवाणीनं १९४०पासून तीस वर्षं हार्मोनियमला दारात उभं केलं नव्हतं, आणि आमच्याच ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओकांनी बावीस श्रुतींची पेटी करून दाखवली. माझ्याकडं ना त्यांचा अभ्यास ना ते गणित. मी खालची ती एक पट्टी उचकटली, कानस मारली, आत्याचा आवाज लावून ऐकत ऐकत ती सरकवली आणि फेविक्विकनं बसवली. आता त्या बेंजोवर हळदीची गाणी वाजवता येत नाहीत. पोपट तर अगदीच केविलवाणा वाजतो. हळदीला दुसरा बेंजो नेतो.

साडेचार मिनिटांचं करून आत्याला ऐकवलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं, मग माझ्याकडं बघून म्हणाली, "हलद लागली नाय अजून, आनि तू थांबलास?"

हे गाणं मी वितरणाला दिलं तेव्हा एक नवीच भानगड झाली. एका कंपनीनं धवल्याच्या चालीवर हक्क सांगितला. त्यांच्या कुठल्याशा रिमिक्समध्ये तीच पारंपरिक ओळ होती आणि यंत्रानं दोन्ही जुळवून माझं गाणं त्यांच्या खात्यात टाकलं. १९५७चा आपला कॉपीराइट कायदा ध्वनिमुद्रणाला मालक देतो. जी ओळ कुणी कधी रचली हेच ठाऊक नाही, तिच्या बाजूनं बोलायला मात्र कुणी नसतं. हरकत नोंदवली, बऱ्याच दिवसांनी हक्क उठला. तोवर जे पैसे जमले असते ते गेले, पण खरं सांगायचं तर ते एका हळदीच्या इसाराएवढेही नव्हते. मला राग आला तो वेगळ्याच कारणानं. आत्यानं ती ओळ आजेसासूकडून घेतली आणि आजेसासूला मोबदला म्हणून लुगडं नेसवलं होतं. आमच्यात हिशोब तेव्हाच मिटवतात. गाण्याच्या माहितीत मी तिचं नाव गायिका म्हणून घातलं आणि रचनेच्या जागी पारंपरिक लिहिलं; ती जागा रिकामी सोडली तर यंत्र परवानगी देत नाही.

पोट चालतं ते अजून इतर कामांवर. गणपतीत साउंड लावतो, पोरांना बेंजो शिकवतो, बैलगाडा शर्यतींवरच्या गाण्यांना वाजवून देतो. कोर्टानं शर्यती २०१४ साली बंद केल्या आणि डिसेंबर २०२१मध्ये पुन्हा परवानगी दिली, तेव्हापासून प्रत्येक बैलाला स्वतःचं गाणं हवं असतं. ती गाणी करायला मला मजा येते. तिथं पाय चार असतात, आणि गाणं केव्हा संपवायचं ते बैल ठरवतो.

धवला मात्र मी पुन्हा केला. या वेळी कापला नाही. आत्याच्या नातीच्या खऱ्या हळदीत, सगळी भावकी जमलेली असताना, पहिल्या सवाशिणीपासून शेवटच्या बाईपर्यंत रेकॉर्ड केलं आणि सरकवलेल्या पट्टीचा बेंजो नंतर त्याच्या खालून वाजवला. मध्ये कुणाचं तरी पोर रडतं, एक म्हातारी ओरडून ताट मागते, आत्या एक ओळ तीनदा फिरवते कारण नवरीची मावशी यायची आहे. व्हिडिओवाल्या मित्रानं हात टेकले. हे कुणी ऐकणार नाही, म्हणाला, आणि आकडे पाहिले तर त्याचं खोटं नाही. बहुतेक लोक दुसऱ्या मिनिटाला उठून जातात.

गेल्या लग्नसराईत भिवंडीकडच्या एका गावातून फोन आला. त्यांच्याकडची धवलारीण गेली, दुसरी मिळेना, तर मोबाइलवर माझं ते रेकॉर्डिंग लावून हळद लावली, सांगायला फोन केला, असं ते म्हणाले. मी विचारलं, लांबी पुरली का. त्यांची भावकी लहान, हळद लवकर आटोपली म्हणे. उरलेलं गाणं त्यांनी बंद केलं नाही, पंगत उठेपर्यंत तसंच वाजू दिलं, आणि आता पुढच्या महिन्यात थोरल्याच्या हळदीला मी बेंजो घेऊन येईन का, सुपारी किती घेईन, असं विचारत होते.